गोरज मुहूर्त, सहा किलो पाकळ्या आणि दुसरी फेरी

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या एका लॉनवरचं लग्न. फेब्रुवारीचा मध्य, गोरज मुहूर्त 6 वाजून 23 मिनिटांचा, पाहुणे साडेतीनशेच्या घरात. लग्न लागल्यावर थोडी उसंत आणि सात वाजता कन्यादान, होम, सप्तपदी असा क्रम गुरुजींनी आधीच सांगून ठेवला होता.

नवरा-नवरीला भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता. दोघं चालत येताहेत, दोन्ही बाजूंना मित्रमंडळी आहेत, वरून पाकळ्या पडताहेत आणि दोघांचे डोळे उघडे आहेत. शेवटचं कलम नवरीचं. थोरल्या बहिणीच्या लग्नातल्या अशाच फोटोत बहिणीचे डोळे घट्ट मिटलेले होते.

नवरदेवाच्या आजोबांची अट वेगळी होती. "अक्षता पडल्याच पाहिजेत. बाकी तुमची हौस तुम्ही करा." डेकोरेटरच्या कोटेशनमध्ये कागदी पाकळ्या उडवणाऱ्या चार तोफा आधीच धरलेल्या होत्या. नियोजन नवरीच्या भावाकडे होतं. फोटोग्राफर, डेकोरेटर आणि गुरुजी या तिघांशी बोलून त्याला मार्ग काढायचा होता.

अडचण

पहिली अडचण अक्षतांचीच. मंगलाष्टकं आठ-दहा मिनिटं चालतात आणि प्रत्येक "सावधान"ला लोक अक्षता टाकतात. तिसरं-चौथं कडवं होईपर्यंत मुठी रिकाम्या होतात. शेवटचं "तदेव लग्नं" संपतं, अंतरपाट खाली येतो, हार पडतात, आणि ज्या क्षणासाठी कॅमेरे रोखलेले असतात नेमक्या त्याच क्षणी उधळायला कुणाकडे काही उरलेलं नसतं. शिवाय मागच्या रांगांतल्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोहोचतच नाहीत, पुढच्या काकांच्या टकलावर पडतात.

फोटोच्या दृष्टीनेही तांदूळ अवघड. दाणा लहान आणि जड. डोक्याच्या उंचीवर येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला चार-पाच मीटर होतो. शटर 1/500 सेकंदावर ठेवलं तरी तेवढ्या वेळात दाणा जवळजवळ एक सेंटीमीटर सरकतो, म्हणजे फोटोत दाण्याऐवजी बारीक रेघ येते. गुलाबाची पाकळी हवेला अडत, गिरक्या घेत सेकंदाला साधारण एक मीटरने उतरते. तिच्यासाठी तेच शटर पुरतं. वरून पडायला तिला दीड-दोन सेकंद लागतात, त्यामुळे फोटोग्राफरला एकाऐवजी सात-आठ फ्रेम मिळतात.

दुसरी अडचण उजेडाची, आणि ती फक्त जागेवर जाऊन कळली. गोरज मुहूर्त म्हणजे सोनेरी उन्हाची वेळ, असं सगळे धरून चालले होते. लग्नाच्या आठवडाभर आधी फोटोग्राफर आणि भाऊ मुद्दाम संध्याकाळी लॉनवर गेले. त्या दिवसांत पुण्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. सहा-दहाला सूर्य क्षितिजापासून जेमतेम पाच अंशांवर होता. स्टेज पश्चिमेच्या टोकाला, त्याचा बॅकड्रॉप सोळा फूट उंच. एवढ्या कलत्या उन्हात सोळा फुटांची सावली 180 फुटांपर्यंत जाते आणि लॉनची लांबी होती 150 फूट. म्हणजे मुहूर्ताच्या कितीतरी आधी सगळं लॉन सावलीत जाणार होतं. दुपारी बारा वाजता जागा पाहून ठरवलं असतं, तर हे लग्नाच्या संध्याकाळी उमजलं असतं.

तिसरी अडचण स्टेजवरच्या एलईडी वॉलची. तिच्यासमोर वेगवान शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात, कारण ती वॉल प्रत्यक्षात सतत लुकलुकत असते. पाकळी गोठवायला शटर वेगवान हवं, पट्टे टाळायला ते हळू हवं. स्टेजवर दोन्ही एकदम साधत नाही.

समोर असलेले पर्याय

कागदी तोफा. दाबलेल्या हवेवर चालतात, आवाज मोठा, खेळ दोन सेकंदांचा. पहिल्याच धमाक्याला माणूस दचकतो आणि डोळे मिटतो. नवरीचं मुख्य कलम तिथेच मोडतं. चकचकीत फिल्मचे तुकडे फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके होऊन चमकतात, मुंडावळ्यांत अडकतात, आणि हिरवळीतून वेचून काढणं तर अशक्यच. लॉनच्या मालकाने सफाईचे वेगळे पैसे सांगितलेच होते. या तोफा कोटेशनमधून काढल्या. डेकोरेटर थोडा नाराज झाला.

वर जाळीत पाकळ्या भरून दोरी ओढायची. व्हिडिओत छान दिसतं. पण जाळी दोन-तीन तास आधी भरावी लागते आणि तेवढ्यात पाकळ्या स्वतःच्याच वजनाने दबून चिकटतात. दोरी ओढली की पाव किलोचा गोळा एकदम डोक्यावर. थोडा वारा असला तर तोही बाजूला.

मंगलाष्टकांनाच पाकळ्या आणि तोच फोटो. सोपं आहे, पण स्टेजवर गुरुजी, दोन्ही मामा, करवल्या आणि माइक धरून अष्टकं म्हणणाऱ्या आत्या, शिवाय मागे एलईडी वॉल. चालतानाचा फोटो तिथे मिळणार नाही.

लग्न लागल्यानंतर वेगळी रांग करून चालत येणं. यात जागा, माणसं आणि उजेड तिन्ही आपल्या हातात राहतात. वेळ मात्र नाही. सप्तपदीनंतर करायचं म्हटलं तर आठ वाजतात आणि आकाश काळं पडतं.

निर्णयाचा मुद्दा इथे होता. हार पडल्यानंतर आणि कन्यादानाला बसण्याआधी अर्धा तास मोकळा आहे, हे गुरुजींना विचारल्यावर कळलं. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटं आकाशात निळसर उजेड टिकतो. म्हणजे 6.40 ते 6.55. ऊन मिळणार नव्हतं, पण निळं आकाश आणि मागून टाकलेला उबदार फ्लॅश हे जमण्यासारखं होतं. खरं सांगायचं तर पाकळ्यांना हा उजेड सोनेरी उन्हापेक्षा जास्त मानवतो. समोरून ऊन पडलं की पाकळी सपाट दिसते. मागून प्रकाश आला की तो पाकळीच्या आरपार येतो आणि कडा उजळतात.

ठरलं ते

अक्षता आणि पाकळ्या वेगळ्या केल्या. स्टेजवरच्या वीस वडीलधाऱ्यांच्या हाती कुंकू लावलेल्या अक्षता, एकूण अर्धा किलो तांदूळ. आजोबा खूश. बाकी पाहुण्यांना पळसाच्या पानांच्या द्रोणांतून झेंडूच्या पाकळ्या, माणशी पंधरा ग्रॅम धरून पाच किलो. करवल्यांनी हे द्रोण शेवटून दुसऱ्या अष्टकाच्या वेळी वाटायचे, त्याआधी नाही. झेंडू नवरा-नवरीपासून लांब ठेवायचा, कारण चुरगळल्यावर त्याचा पिवळा डाग रेशमावरून सहज जात नाही.

रांगेसाठी फक्त गुलाब. चार किलो गुलाबी, दोन किलो पांढरा. गडद लाल गुलाबाच्या पाकळ्या मुद्दाम घेतल्या नाहीत. डोळ्यांना त्या देखण्या वाटतात, पण कमी उजेडात कॅमेऱ्याला काळपट दिसतात आणि चेहऱ्यासमोर आल्या तर कुणी शाई शिंपडल्यासारखं वाटतं. शेवंतीच्या पाकळ्या अरुंद असल्याने फोटोत सुया सांडल्यासारख्या येतात. निशिगंधाचं अख्खं फूल गालावर लागतं.

सहा किलोंचा हिशेब असा. तागडीवर टाकून पाहिलं तेव्हा मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ 30 ग्रॅमच्या आसपास भरली. रांगेत 18 जोड्या, म्हणजे 36 माणसं. प्रत्येकी दोन ओंजळी धरल्या तर एका फेरीला सव्वादोन किलोंच्या आत. दोन फेऱ्यांचे साडेचार आणि वर खराब निघतील त्यासाठी दीड. दुसरी फेरी होईल की नाही याची वाट न पाहता ती धरूनच खरेदी केली. पुढे हाच निर्णय कामी आला.

रांगेची आखणी फोटोग्राफरने दोरीने केली. दोन ओळींत सात फूट अंतर. चार-पाच फूट ठेवलं तर उधळणारे हात नवरीच्या तोंडासमोर येतात, दहा फूट ठेवलं तर पाकळ्या मधोमध पोहोचत नाहीत. कॅमेरा जोडप्यापासून पंधरा फुटांवर, 35 मिलिमीटर लेन्स, फ्रेम उभी. त्या अंतरावर उभ्या फ्रेमची उंची सुमारे पंधरा फूट मिळते, त्यामुळे माणसांच्या डोक्यावर पाकळ्यांना भरपूर जागा राहते. कॅमेऱ्याजवळच्या पहिल्या दोन जोड्यांना पाकळ्या द्यायच्याच नाहीत, टाळ्या वाजवायच्या. लेन्सपासून दोन-तीन फुटांवरून पडणारी पाकळी फ्लॅशमध्ये पांढरा धब्बा होते आणि कॅमेऱ्याचा फोकसही तिच्यावर उडी मारतो.

जोडप्याच्या मागे, रांगेच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना आठ फुटी स्टँडवर एकेक फ्लॅश, नारंगी जेल (रंगीत पारदर्शक पातळ पत्रा) लावलेला. समोरून छत्रीतला एक हलका फ्लॅश, मदतनिसाच्या हातात. शटर 1/200, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ/4, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 1600. पाकळी इथे शटरने गोठत नाही, फ्लॅशच्या क्षणिक झोताने गोठते. म्हणून शटर हळू चालतं, फक्त आजूबाजूचा उजेड दोन स्टॉप खाली, म्हणजे फोटोत एक चतुर्थांश, ठेवावा लागतो. मागचे फ्लॅश पूर्ण ताकदीवर न ठेवता 1/16 वर ठेवले. पूर्ण ताकदीवर ठेवले तर एकदा चमकल्यावर पुन्हा भरायला दोन-एक सेकंद लागतात आणि तोवर सगळ्या पाकळ्या जमिनीवर.

उधळण्याची पद्धतही शिकवायची ठरली. ओंजळ कमरेपाशी, तळवे वर, आणि चेंडू वर उडवावा तसं सरळ आभाळाकडे. नेम माणसावर धरायचा नाही, त्यांच्या डोक्याच्या चार-पाच हात वर धरायचा.

इशारा कसा द्यायचा यावर बराच खल झाला. बाहेर ढोल-ताशा असणार, "एक दोन तीन" कुणाला ऐकू जाणार नाही. शेवटी पथकालाच सांगितलं. जोडपं ठरलेल्या खुणेवर आलं की ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, आणि तर्रीनंतर सगळ्या ढोलांचा एकच ठोका. ठोक्यावर उधळायचं. एरवी अँकरच्या हाती माइक देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण ठोका अंगाला जाणवतो.

प्रत्यक्षात

फूलवाल्याने पाकळ्या दुपारी बारालाच आणून टाकल्या, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि वर पाणी शिंपडून. चार वाजता भावाने पिशवी उघडली तेव्हा तळचा थर गरम झाला होता, पाकळ्या एकमेकींना चिकटून कडांना तपकिरी पडल्या होत्या. पाण्याने ताजेपणा टिकतो हा गैरसमज आहे. अख्ख्या फुलाचं ठीक, सुट्या पाकळीला पाणी म्हणजे डिंक. एक किलो फेकून द्यावा लागला. उरलेल्या पाच किलो एका खोलीत सुती पंच्यांवर बोटभर जाडीने पसरल्या, पंखा बंद ठेवला, अर्ध्या तासाने हलक्या हाताने वरखाली केल्या. साडेपाचपर्यंत बहुतेक सुट्या झाल्या. त्यातल्या दोन किलो वेताच्या पाटीत भरून, ओला पिळलेला पंचा पाटीच्या काठावर टाकून, केटररच्या टेबलाखाली सरकवल्या. हा दुसऱ्या फेरीचा साठा. उरलेल्या तीन किलो रांगेतल्या लोकांसाठी.

मंगलाष्टकं ठरल्याप्रमाणे झाली. द्रोण उशिरा वाटल्याने अंतरपाट खाली आला तेव्हा लोकांच्या हातात खरोखर काहीतरी होतं. हार पडतानाच्या फोटोंत पिवळा पाऊस दिसतो. एलईडी वॉल त्या तीन मिनिटांसाठी बंद ठेवली होती. डेकोरेटरला हे आदल्या दिवशी सांगितलं नसतं तर ऐन वेळी त्याचा ऑपरेटर सापडला नसता.

रांग 6.42 ला उभी राहिली. पहिली फेरी फसली.

जोडपं खुणेपासून दहा फूट मागे असतानाच अँकरने माइकवरून "चला, जोरदार स्वागत करूया" असं म्हटलं. पथकाला इशारा माहीत होता, रांगेतल्या लोकांनाही. अँकरला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या चार जोड्यांनी उधळलं, त्यांचं पाहून पुढच्यांनी. जोडपं खुणेवर पोहोचलं तेव्हा ताशाची तर्री झाली, ढोलाचा ठोका पडला आणि हातांत काहीच नव्हतं. दुसरं, रांगेत पुढे सरकून उभ्या असलेल्या तीन लहान मुलांनी वर न उडवता थेट समोर मारलं. पाकळ्या नवरीच्या गालावर आणि नाकावर आल्या, डोळे मिटले. तिसरं, बऱ्याच जणांच्या एका हातात मोबाइल होता. एका हाताने उधळलं की मूठ होते, ओंजळ नाही, आणि मुठीतून पाकळ्या गोळा होऊनच सुटतात.

फोटोग्राफरने 34 फ्रेम घेतल्या. पाकळ्या जोडप्याच्या मागे पडताहेत अशा दोनच.

पुढच्या चार मिनिटांत जे झालं ते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगाचं. भावाने टेबलाखालची पाटी काढली. फोटोग्राफरने अँकरकडून माइक घेतला नाही, त्याला बंद करायला सांगितला. मुलांना रांगेतून काढून जोडप्याच्या मागे उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एक लहान सुपली. मुलांनी मागून वर उडवायचं. मागून उडवलेली पाकळी तोंडावर येऊ शकत नाही आणि मागच्या फ्लॅशच्या अगदी जवळून जाते म्हणून सगळ्यात जास्त उजळते. मोबाइल खिशात घालायला सांगितलं. नवरदेवाच्या मावशीने ते काम केलं, आणि त्या ज्या स्वरात "फोन आत" म्हणाल्या त्यानंतर कुणी वाद घातला नाही. ओंजळ एकच दिली. दोन दिल्या की अर्धे लोक पहिलीतच दोन्ही संपवतात.

एक बदल जोडप्यालाही सांगितला. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, एकमेकांकडे बघायचं, आणि ठोका पडल्यावर आणखी दोन पावलं चालायचं. थांबलात तर पाकळ्या अंगावर बसतात. चालत राहिलात तर पाकळ्या मागे पडतात आणि चेहरे त्यांतून बाहेर येतात.

6.49 ला दुसरी फेरी. तर्री, ठोका, आणि या वेळी सगळं एकदम वर गेलं.

निकाल

दुसऱ्या फेरीत 41 फ्रेम, त्यांतल्या नऊ चांगल्या. भिंतीवर गेलेल्या फोटोत नवरी वर बघून हसते आहे, डोळे उघडे, एक गुलाबी पाकळी मुंडावळीच्या सरीला टेकलेली. मागे निळसर आकाश. पांढऱ्या पाकळ्या सगळ्यात वर, गुलाबी खाली. हे ठरवून केलेलं नव्हतं. मुलांच्या सुपल्यांत योगायोगाने पांढऱ्या जास्त गेल्या आणि त्या उंच उडाल्या.

खर्चाच्या बाजूने तोफा काढल्यामुळे वाचलेले पैसे पाकळ्या, द्रोण आणि सुपल्यांत पुरले. लॉन दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूने साफ झालं. रांग हिरवळीवर होती म्हणून कुणी घसरलं नाही. फरशीवर ओल्या पाकळ्या साबणासारख्या होतात आणि नऊवारी नेसून, नवी चप्पल घालून चालणाऱ्या नवरीसाठी ती मोठी जोखीम असते. तशी जागा असेल तर खाली जाजम अंथरल्याशिवाय ही उधळण करूच नये. दोन पाहुण्यांच्या पांढऱ्या झब्ब्यांवर झेंडूचे डाग पडले, ते कुणी गुलाबाच्या नावावर खपवले.

वेगळं काय करता आलं असतं

अँकर. माइक ज्याच्या हातात त्याला योजना सर्वात आधी सांगायला हवी होती. पहिल्या फेरीतल्या चुकांत सगळ्यात महाग पडलेली ही, आणि ती टाळायला लागली असती दोन मिनिटं.

पाकळ्यांची ऑर्डर. "साडेतीनला, सुट्या, कोरड्या, पाटीत, पाणी न मारता" असं फूलवाल्याला लिहून द्यायला हवं होतं. तोंडी सांगितलं की तो रोजच्या सवयीने वागतो, आणि त्याच्या रोजच्या सवयी हारांसाठी असतात. पाकळ्या तोडण्यापासून उधळण्यापर्यंत चार-पाच तासांपेक्षा जास्त जाऊ नयेत. एसी खोलीत त्या सुकून वळतात. फ्रिजमधून काढल्या की त्यांवर दव धरतं आणि पुन्हा तेच चिकटणं.

तालीम. 36 जणांची तालीम होणं शक्य नव्हतं, पण आदल्या रात्री सीमांतपूजनाला त्यातले वीस जण हजर होते. वर्तमानपत्राच्या कपट्यांवर एकदा करून घेतलं असतं तर मुलांचा प्रश्न तिथेच दिसला असता.

व्हिडिओवाला पहिल्या फेरीत गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) घेऊन रांगेत शिरला आणि दोन फ्रेम त्याच्या पाठीने खाल्ल्या. त्याची जागाही दोरीने आखायला हवी होती. ड्रोन आणायचं म्हणत होते ते आधीच थांबवलं, ते बरं झालं. पंख्यांचा खालचा झोत एवढा असतो की पाकळ्या जोडप्यापासून लांब पसरतात.

वाद राहिला तो एकाच गोष्टीवर. पहिली फेरी सगळ्यांची उत्स्फूर्त आणि दुसरी फोटोसाठी, असं नवरदेवाच्या वडिलांना वाटत होतं आणि "पुन्हा करा" म्हणणं त्यांना थोडं खोटं वाटलं. पुढच्या अशा लग्नात फोटोग्राफरने यावर तोडगा म्हणून दोन्ही फेऱ्या आधीच जाहीर करायचं ठरवलं आहे. पहिली मित्रमंडळींची, दुसरी घरच्यांची. माणसं वेगळी म्हटल्यावर ते पुन्हा केल्यासारखं वाटत नाही, आणि पहिलीत काय चुकलं ते पाहून दुसरीसाठी फ्लॅश सरकवायला चार मिनिटं मिळतात.